ओट्याची उंची

केतकीने सजवलेल्या स्वयंपाकघरातला एकेक ड्रॉवर मी उघडून मुद्दाम जोरात ढकलत होते. एकही आपटेना.

आमच्या इंटिरिअर डिझायनर्सच्या संघटनेची रीतच आहे. बक्षीस जाहीर करण्याआधी सगळ्यांनी ते घर बघायचं आणि उणं दिसेल ते तोंडावर सांगायचं. मी अध्यक्ष असताना मीच घातलेली रीत. केतकीला संघटनेत येऊन वर्षही झालं नव्हतं आणि बक्षीस तिलाच मिळणार, हे दिसतच होतं. माझ्या पोटात दुखत होतं.

मग ओट्यावर हात टेकला आणि माझा जीव भांड्यात पडला.

"ओटा चांगला तीन इंच खाली गेलाय गं," सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले. "गवंड्यावर लक्ष नव्हतं वाटतं?"

"मुद्दाम घेतलाय मॅडम. इथल्या काकू तुमच्याच उंचीच्या आहेत. जुन्या ओट्यावर पोळ्या लाटून त्यांचे खांदे भरून यायचे. तुम्ही लाटून बघा ना."

काकूंनी हसून पोळपाट पुढे सरकवला. मी लाटणं फिरवलं. खांदे उचलावेच लागले नाहीत.

"ठीक आहे," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी घरी पोळ्या करायला उभी राहिले. हा ओटा मीच आखलेला, सगळ्यांसाठी आखते त्याच मापाचा. रोजच्यासारखा पायाने पाट ओढला आणि त्यावर चढले. केतकीचं बक्षीस तेव्हा आठवलंही नाही. हेवा वाटत होता तो त्या काकूंचा.