परका खांदा

ट्रक चढणीच्या मध्यावर थांबला तेव्हा भागवतराव बशीतला चहा फुंकत होते.

"बसलं," ते म्हणाले. "बसलं तुझं टर्बाइन, मनतशा."

जळकोटच्या अलीकडच्या त्या चढणीच्या माथ्यावर सिद्धम्माचं हॉटेल होतं. तिथून खालचा सगळा रस्ता दिसायचा. नवा निळा रंग दिलेला ट्रक, पुढं झेंडूचा हार, मागं भागवतरावांनीच भरून दिलेली सोयाबीनची पोती. काळ्या धुराचा एक लोट वर उठला आणि विरून गेला.

"धूर तर माझ्या जुन्या गाड्यांसारखाच सोडून राहिला!" भागवतराव हसले. लातूरहून सोबत आलेली त्यांच्या ट्रान्सपोर्टची माणसंही मालकाबरोबर हसली.

 वाऱ्यानं उडणारी ओढणी मनतशानं खांद्यावर घट्ट केली. मान मात्र ताठ.

नांदेडला भागवतरावांच्याच शेडमध्ये तिनं ते टर्बाइन जुळवलं होतं. पाण्याच्या हंड्याएवढं. बघायला आले तेव्हा तिनं त्यांना सांगितलं होतं, हे चाकं ओढत नाही. हे आपल्या एका लयीत, बारीक सूर धरून फिरतं आणि वीज बनवतं, वीज बॅटरीत जाते, चाकं फिरवते ती मोटार. गिअर नाही, क्लच नाही.

"क्लच न्हाई? मग ड्रायव्हर डाव्या पायानं काय करल, ठेका धरल?"

बोलता बोलता त्यांची नजर कोपऱ्यात बसलेल्या मोहियोद्दीनकडे गेली होती, आणि हसू अर्ध्यातच राहिलं होतं. मोहियोद्दीन मनतशाचे अब्बा. पूर्वी भागवतरावांच्याच गाडीवर ड्रायव्हर. अपघातात डावा पाय मांडीपासून गेला, तेव्हा भागवतराव दवाखान्यात मोसंबी घेऊन गेले होते आणि म्हणाले होते, "आता ट्रकचं नाव काढू नको, मियाँ."

मोसंबी घरी कुणी खाल्ली नव्हती.

"भरला ट्रक जळकोटची चढण चढला तर शेड ठेव," भागवतरावांनी त्या दिवशी सांगून टाकलं होतं. "न्हाई चढला तर सोमवारी कुलूप. टर्बाइन भंगारात."

"अन् चढला तर गाड्या घ्याल?"

"बघू. माळेगावच्या बाजारात विकायला आणलेल्या बैलाला कुणी चांगलं म्हणत न्हाई, पोरी. भाव चढतो. चांगलं म्हणायचं ते रस्त्यानं जाणाऱ्या बैलाला."

तेव्हा मोहियोद्दीन कोपऱ्यातून हसले होते. पाय गेल्यापासून पहिल्यांदाच.

मनतशाचा फोन वाजला. खाली ट्रकवर तिचा भाऊ फैजान होता.

"आपा, गाडी नक्को बोलरई."

"मग उतर. मागून येणाऱ्याला हात कर."

भागवतरावांनी बशी खाली ठेवली. "तुझे अब्बा न्हाई दिसले?"

"मागून येतेत."

"कशाला? पोरीचं भंगार बघायला?"

"हाव काका," ती म्हणाली. "बघायलाच."

आत सिद्धम्मा आलं कुटत होती. खाली थांबलेला ट्रक बघून तिनं बत्त्याच्या ठेक्यावर ओवी धरली.

*चढणीच्या वाटेवरी बैल थांबला माझा गं,*
*कोण परक्या गावाचा देई जुवाला खांदा गं.*

वळणावरून एक मळकट ट्रक वर आला. बिलोलीकडची वाळू, वर फाटकी ताडपत्री. फैजाननं हात केला. ट्रक निळ्या गाडीला वळसा घालून पुढं झाला आणि थांबला. फैजान साखळी बांधू लागला.

"येडा हाय का हा ड्रायव्हर?" भागवतराव उभेच राहिले. "भर चढणीला, वाळू भरून, वरून दुसरा भरला ट्रक ओढतो? थांबल्या जागेवरून उठायचं म्हंजे क्लच जळल त्याचा! वास इथवर येईल, बघा."

वास आला नाही. वाळूचा ट्रक जरासा पुढं सरकला, साखळी ताणली गेली, आणि दोन्ही गाड्या मुकाट वर निघाल्या. ना धक्का, ना धूर. दुपार होती, रस्ता तापला होता, आणि कुठूनतरी सनईच्या शेवटच्या सुरासारखा एक बारीक सूर येत होता. सिद्धम्माला वाटलं, शेगडीचा गॅसच गळतोय. तिनं शेगडी बंद केली. सूर बंद झाला नाही.

भागवतरावांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे होते, एखाद्या पोरासारखे.

"याला म्हणतात ट्रक! अन् ड्रायव्हर तरी कसा! क्लच किती अलगद सोडला गड्यानं, साखळीसुद्धा वाजली न्हाई. त्याचा डावा पाय सोन्यानं मढवाया पायजे."

"लई आवडला, काका?"

"शिक यांच्याकडून काहीतरी. असे चार ट्रक कुणी दिले तर डोळे झाकून घेईन. आजच्या आज."

"जबान?"

"जबान! या सिद्धम्मासमोर, माझ्या माणसांसमोर. पण तुझं कुलूप सोमवारी, ते काही टळत न्हाई."

"तसं कुठं म्हणाले मी," मनतशा म्हणाली. "तुमचा शब्द तुमच्यापाशी, माझा माझ्यापाशी."

दोन्ही गाड्या माथ्यावर आल्या. निळ्या ट्रकचा हार वाऱ्यानं तुटून रस्त्यावर पडला होता, त्याच्यावरून चाक गेलं. वाळूचा ट्रक हॉटेलसमोर थांबला. काचेवर ऊन होतं, आतलं काही दिसत नव्हतं.

भागवतराव स्वतः दाराशी गेले. माणसांकडं वळून म्हणाले, "बघा, ड्रायव्हर कसा असतो ते." मग मोठ्यानं हाक दिली, "उतर रे बाबा! तुझ्या डाव्या पायाला हात लावू दे एकदा." आणि थट्टेथट्टेत खरंच वाकले.

दार उघडलं, तसा तो बारीक सूर मोठा झाला. आधी खाली टेकली ती कुबडी. मग उजवा पाय. आणि पाठोपाठ, मांडीपाशी दुमडून पिन लावलेला पायजमा.