कोपरा उडालेला दगड

हात धुवायला म्हणून हेडमास्तर मागच्या नळावर गेले आणि तिथेच थबकले. नळाखाली खरकट्या भांड्यांचा ढीग होता, आणि ढिगामागे, भिंतीला टेकून, त्यांच्या बायकोच्या नावाचा दगड.

"हा इथं कसा?"

कबरींचे दगड घडवणारा कारागीर टॉवेल घेऊन मागोमाग आला होता. त्याने आधी दगडाकडे पाहिलं, मग भांडी घासत बसलेल्या बहिणीकडे.

"तो पहिला, सर. उचलताना हिच्या हातून सटकला आणि कोपरा उडाला. म्हणून तर तुम्हाला नवा करून दिला. आत्ता बाहेर बघितलात ना? एक ओरखडा शोधून दाखवा. हा आपला पडलाय मागे."

"पडलेला नाही, मांडलेला आहे. साबणाचं पाणी उडतंय तिच्यावर."

'तिच्यावर' म्हणाले ते. दगडावर नव्हे.

बहिणीने हात आवरले. दगड तिनेच तिथे टेकवला होता, अक्षरं पुढे करून. भाऊ अक्षरं कोरायचा आणि ती त्यांत काळा रंग भरायची. लग्न न झालेल्या बहिणीला घरात काहीतरी काम हवं, म्हणून. आजवर बायबलमधली कितीतरी वचनं तिच्या कुंचल्याखालून गेली होती. चर्चमध्ये कानांवरून गेली ती वेगळीच. ती सगळी दुसऱ्यांची. मेलेल्यांची, नाहीतर पहिल्या बाकांवर बसणाऱ्यांची. हे एक वचन मात्र मोडक्या दगडासकट घरातच राहिलं आणि भांडी घासताना रोज समोर यायला लागलं: 'भिऊ नकोस. मी तुला नावाने हाक मारली आहे, तू माझी आहेस.'

तिला नावाने कोण हाक मारणार? भावाची 'अगं ए', वहिनीची 'वन्सं', पोरांची 'आत्या', गिऱ्हाइकांची 'ओ बाई'. आई गेली तेव्हा तिचं नावही आईबरोबरच गेलं. कपबशी फुटली, रंग सांडला, दूध उतू गेलं, की कोणाच्या हातून हे घरात कोणी विचारायचंही नाही. तिलाही वाटायचं, बरोबरच आहे. देव माणसं घडवत आपल्यापाशी पोचला तोवर चांगली माती संपली असावी. मग एका सकाळी आजूबाजूला कोणी नाही असं बघून तिने ओला तळवा वरच्या नावावर ठेवला आणि खालची ओळ वाचली. नुसती ओळ. त्या दिवशी वहिनी जे काही बोलली ते कानांपर्यंत आलं, आत गेलं नाही. तेव्हापासून ती रोज तळवा ठेवायची.

"फोडून टाका," हेडमास्तर म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर."

"बरोबर आहे, सर. तुमच्या जागी मी असतो तरी हेच म्हणालो असतो." भावाने मोठा हातोडा आणून बहिणीच्या पुढ्यात टेकवला. "घे. सुरुवात तूच केलीयस, आता पुरा कर."

वहिनी दारात येऊन उभी राहिली. "जपून हो, वन्सं. पायावर घालून घ्याल, मग सगळं माझ्याच गळ्यात."

ती उठली. हातोड्याला हात लावला नाही.

"सर, बाईंचं नाव मी छिन्नीने काढते. अगदी साफ काढते. ओळ तेवढी राहू द्या."

"ओळ? ती कशाला?"

"हिचं काय ऐकता, सर," भाऊ हसला. "तुटकंफुटकं जमवायची खोडच आहे हिला."

हेडमास्तरांनी हातानेच त्याला थांबवलं. माणूस वाईट नव्हता. मागच्या बाकावरच्या मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कोणासाठी हवीय, बाई? तुमचं कोणी आहे का, ज्याला दगड मिळाला नाही असं? असेल तर सांगा. नाव काढा आणि खुशाल ठेवा. वचन काही माझ्या मालकीचं नाही."

एकच शब्द बोलायचा होता. तो तिच्या जिभेवर आलाही. माझ्यासाठी. पण दारात वहिनी होती आणि तिच्या ओठांवर हसू तयारच होतं. भाऊ होता. तेही एक वेळ चाललं असतं. पण तो शब्द तिने मनातल्या मनात म्हणून बघितला, आणि तिला स्वतःलाच तो इतका आगाऊ वाटला की कानाच्या पाळ्या तापल्या.

"सांगा ना," हेडमास्तर म्हणाले.

"कोणी नाही."

"मग?"

"उगाच आपलं."

हेडमास्तर बाजूला सरकले. तिने दगड आडवा केला. हातोडा उचलला आणि अगदी कडेला, जिथे काहीच कोरलेलं नव्हतं तिथे घाव घातला. टवका उडाला. दुसरा घाव पलीकडच्या कडेला. पुन्हा टवकाच. मग ती खालच्या बाजूला गेली आणि तिथेही कड शोधू लागली. हेडमास्तर घड्याळाकडे बघायला लागले.

"दिवस घालवणार आहेस का इथं?" भाऊ खेकसला. "एवढा जन्म दगडात गेला, तरी तुला सांगायला लागतं? अक्षरांवर मार. कोरलेल्या जागीच दगड आधी फुटतो."