एका तळ्यातली

"ही सोयरिक व्हायची नाय," दाजी म्हणाले आणि त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

पडवीत सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. सुरभी ही दाजींच्या धाकट्या भावाची मुलगी. पेणकडच्या खारेपाटातला सुजय आज तिला बघायला आला होता. खरं तर तिनंच त्याला बोलावून घेतलं होतं. पण दाजींच्या होकाराशिवाय रोह्याच्या या घरात आजवर मांडव पडला नव्हता. सुरभीचे वडील तर आताही थोरल्या भावाच्या तोंडाकडे बघत बसले होते. दाजी नाही म्हणाले की नाहीच.

दाजींच्या नजरेवर गावाचा भारी विश्वास, आणि गावापेक्षा दाजींचा जास्त. नुसत्या चालण्यावरून माणसाचं कूळ ओळखतो, म्हणायचे. बाजारात अनोळखी माणसाला अडवून "तू निडीच्या मोरूचा नातू ना?" असं विचारायचे आणि पुष्कळदा तो निघायचाही. नाही निघाला, तर चूक त्या माणसाची.

"काय वाईट दिसलं, काका?" सुरभीनं विचारलं.

"वाईट काय नाय गो. पोरगा हिरा हाय. पण ह्याचं न् तुझं रक्त एक हाय. हा चहा बशीत ओततो, दोनदा फुंकतो न् तसाच ठेवून बोलत बसतो. तू बी तेच करतेस. बोलायच्या आधी मान डावीकडं, दोघांची बी. पोह्यातले शेंगदाणे शेवटाला राखून ठेवलेत, ते बी दोघांनी. आपल्यातला एक जण मागं मिठागरावर कामाला गेला, तो परत आलाच नाय. त्याचाच वेल हा. आडनाव बदलतं, खोड बदलत नाय. खाण तशी माती! भावाबहिणीचं लगीन लावू का मी?"

सुजयनं तोंड उघडलं. सुरभीनं डोळ्यांनीच त्याला गप्प बसवलं. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती झाडांच्या अशाच नात्यागोत्यांवर डॉक्टरेट करत होती. कोण कोणाचं लागतं हे रूपावरून ठरवणाऱ्यांशी भांडणं हा तिचा रोजचाच धंदा होता, आणि त्यात ती सहसा हरत नसे.

"काका, आपल्या तळ्यात कमळ आहे आणि शेजारी पोयनी आहे, पुस्तकातली कुमुदिनी. दोघींचं नातं काय?"

"सख्ख्या बहिणी. शेंबडं पोर बी सांगंल."

"मोठमोठे पंडितही इतकी वर्षं तेच सांगत होते. पण पानात जे हिरवे कण असतात ना, त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. बहुतेक झाडांत तो आईकडूनच येतो, बापाचा त्यात वाटा नाही. आई, आईची आई, तिची आई, असा तो धागा धरून मागं मागं गेलं की खरी नाती उलगडतात. आता तसं करून बघितलंय. पोयनी कमळाच्या जवळपासचीही नाही. कमळाचा जवळचा नातलग कोण, माहीत आहे? चिनार. थंड मुलखातला, कोरड्या जमिनीवरचा भला उंच वृक्ष."

"वडाची साल पिंपळाला लावतेस तू! आणि आईवरनं कूळ? आमची भावकी बापावरनं चालते."

"म्हणून तर चुकते," दारातून आवाज आला. दाजींची बायको बायजाबाई पानसुपारीचं तबक घेऊन उभी होती.

दाजींनी तिकडे दुर्लक्ष केलं. त्यांना वादाची गोडी लागली होती. "रक्त एक नाय, तर मग कमळ न् पोयनी सारखी दिसतात कशी?"

"एका पाण्यात राहून," सुरभी म्हणाली. "पाणी एक, चिखल एक, ऊन एक. मग दोघींचं पान तसंच तरंगायला लागतं, दोघींचं फूल तसंच वर येतं. हा सारखेपणा रक्ताचा नाही, काका. सोबतीचा आहे."

दाजींनी मिशीवरून बोट फिरवलं. माणूस हेकट होता, पण पटलेली गोष्ट नाकारणाऱ्यांतला नव्हता. शिवाय आपल्या घरात इतकी हुशार पोर निपजली, याचा त्यांना मनापासून अभिमान वाटत होता. चारचौघांत हरल्याचं त्यापुढे काहीच वाटलं नाही.

"पटलं," ते म्हणाले. "सारखं दिसलं म्हणजे भावकी, असं नाय. माझी हरकत नाय."

सुरभीच्या वडिलांनी सुस्कारा सोडला. सुरभीचा चेहरा नुसता उजळून निघाला. बायजाबाई मात्र दारातून हलली नव्हती.

"गो सुरभी, सारखेपणा सोबतीचा, व्हय ना?"

"हो, काकी."

"एका पाण्यात राहून येतो तो?"

"तसाच येतो."

"आणि हा खाडीकडचा, तू रोह्याची. दोनदाच भेटलात म्हणतेस, ते बी मैत्रिणींच्या लग्नात."

सुरभीनं सुजयकडे पाहिलं. बायजाबाईनं पुढे येऊन तबक हलकेच तिच्यासमोर ठेवलं. ती रागावलेली मुळीच दिसत नव्हती.

"मग पुण्याला लगीन करून बिऱ्हाड कवा थाटलंत, ते तरी सांग."

"पाडव्याला," इतका वेळ गप्प बसलेला सुजय बोलून गेला.