गोल झाला की

बागेतल्या मोठ्या हिरवळीवर हास्यक्लबाची मंडळी गोल करून उभी राहिली, तेव्हा कुमुदताईंनी नवऱ्याचा, श्रीधरपंतांचा, हात सोडला. विस्मरणाच्या आजारात पंतांची नोकरी, नातलग, मुलांची नावं, सगळं पुसलं गेलं होतं. इथलं हसणं तेवढं शिल्लक होतं. गोल झाला की ते हात वर करून खदखदून हसायचे, आणि त्या हसण्यात कुमुदताईंना आपला जुना माणूस घटकाभर परत मिळायचा.

आज मात्र क्लबचे प्रमुख दातारकाका म्हणाले, "आपले घारपुरे काल गेले. आधी दोन मिनिटं शांत उभं राहू." घारपुऱ्यांची मुलगीही मान खाली घालून गोलात उभी होती.

सगळ्यांनी डोळे मिटले. त्या शांततेत पंत हात वर करून हसू लागले. कुमुदताईंनी "अहो, नको ना," म्हणून विनवलं, त्यांच्या तोंडावर हातही ठेवला. पंतांना वाटलं, खेळच चाललाय. ते आणखी जोरात हसले. मुलगी ओंजळीत तोंड लपवून हुंदके देऊ लागली.

"वहिनी, राग मानू नका," दातारकाका नंतर हळूच म्हणाले, "पण उद्यापासून यांना आणू नका."

फाटकापाशी पंत थांबले. कुमुदताईंकडे निरखून बघत म्हणाले, "बाई, तुम्ही रोज येता इथे?"

"हो."

"मग उद्याही या हं. आमच्या घरी हसायला कुणीच नसतं."