बाद धरलेलं रक्त

लीलाधर सिरिंज घेऊन खाटेजवळ आला तेव्हा बेबाबाई भिंतीला टेकून बसली होती. धुळ्याच्या त्या दवाखान्यात तिच्या छातीतली गाठ दुसऱ्या दिवशी काढायची होती. लीलाधर तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. बेबाबाईच्याच घरी राहून शाळा शिकलेला. आता जळगावला रक्तातल्या एका एन्झाइमवर संशोधन करत होता. स्तनाच्या कर्करोगात ते वाढतं का, गाठ हाताला लागण्याआधी रक्तातूनच कळेल का, हे त्याला शोधायचं होतं.

"मावशी, जरासं रगत लागी," तो म्हणाला.

बेबाबाईनं बाही वर सरकवली. मागच्या उन्हाळ्यातही तिनं असंच रक्त दिलं होतं. तेव्हा त्याला तुलनेसाठी निरोगी बायांचं हवं होतं. सुई म्हटली की तिच्या गावच्या, पारोळ्यातल्या बाया मागे सरत. "मना भाचा शे, घाबरू नका," म्हणत तिनंच गल्लीतल्या बाया ओट्यावर गोळा केल्या होत्या, आणि पहिला हात स्वतःचा पुढे केला होता.

"तवय मना रगतमा काय निंघनं व्हतं?" तिनं सहज विचारलं.

लीलाधर दंडाला रबरी नळी बांधत होता. त्याचे हात थांबले.

"तेव्हाच वाढलेलं होतं."

एरवी मावशीशी तो कधी शहरी मराठीत बोलत नसे.

"बर्फ वितळला असेल, नमुना गाडीत तापला असेल, असं वाटलं. पुन्हा घेऊन बघायचं होतं. राहून गेलं."

"मंग तू काय करं?"

"बाद धरला. निरोगी बायांचे आकडे कमी यायला हवे होते."

बेबाबाई भिंतीपासून जरा पुढे सरली.

"दिवाळीले तू घर उना व्हता," ती म्हणाली. "मना हातनं जेवना. तवयबी सांगं नही."

"खात्री नव्हती गं. नुसतं संशोधन होतं. उगाच तुला घाबरवायचं कशाला."

"घाबरी तं घाबरी. डाक्टरकडे तरी गयी असती मी."

पलीकडच्या खाटेवर कुणीतरी आजारी बाईला बशीतून चहा पाजत होतं. बेबाबाईचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आखो कोनं रगत बाद धरं?"

"एकीचं."

"कोनं?"

"पुष्पामावशीचं."

पुष्पाबाई म्हणजे बेबाबाईची धाकटी जाऊ. बेबाबाईनं आग्रह केला म्हणून ती कडेवरचं मूल सांभाळत ओट्यावर येऊन बसली होती.

"ती लेकराला अंगावर पाजत होती," लीलाधर घाईनं म्हणाला. "त्यानंही वाढलं असेल. काही नसेलही, मावशी."

"ते डाक्टर सांगी. तू नको सांगू."

तिनं दंडाची रबरी नळी सोडवली आणि त्याच्या हातात ठेवली. बाही खाली ओढली.

"पहिले पारोळाले जाय. तिले सांग. मंग ये," ती म्हणाली. "मना हात आठेच शे, कोठे जास नही."