टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल

माणसाची खरी पारख त्याच्या गाडीच्या अ‍ॅव्हरेजवरून होते, असं सयाजीचं ठाम मत होतं. हायब्रिड गाडी घेतल्यापासूनचं. त्याआधी बुलेट होती, तेव्हा तो माणसं आवाजावरून पारखायचा.

"एसी लावा," वैजयंती म्हणाली. इंदापूर मागे पडलं होतं आणि एप्रिलचं ऊन काचेतून तिच्या मांडीवर येऊन बसलं होतं.

"नाही."

"काच तरी खाली घेऊ द्या."

"वारा आत शिरला की गाडी अडते."

साठच्या वर तो जात नव्हता. ट्रक शिव्या देत पुढे जात होते. वऱ्हाडाच्या टेम्पोनं मागे टाकलं, तेव्हा आतल्या बायांनी हात हलवून निरोप दिला. वैजयंतीनं तोंडावर पदर घेतला.

उद्या अक्कलकोटला तिच्या वडिलांची एकसष्टी. त्यांच्यासाठी घेतलेली आरामखुर्ची वजन नको म्हणून पुण्यातच राहिली होती. टाकी फुल्ल करून निघतानाच सयाजीनं बजावलं होतं: सोलापूरला टाकी भरायची, अ‍ॅव्हरेज काढायचं. अभिमन्यूच्या एकोणतीसच्या वर गेलं तर अक्कलकोट, नाहीतर तिथूनच माघारी.

अभिमन्यू तिचा धाकटा भाऊ. त्याची गाडी हीच, पुणे-सोलापूर रस्ताही हाच. दिवाळीत त्यानं भर पंगतीत विचारलं होतं, "दाजी, चोवीसच? हँडब्रेक काढला होता नव्हं?" त्या दिवसापासून सयाजी सासुरवाडीला गेला नव्हता. तिलाही जाऊ दिलं नव्हतं.

"स्क्रीनवर पंचवीस दिसतंय," ती म्हणाली.

"स्क्रीन खोटं बोलते. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, तोच हिशेब खरा."

"माझे वडील एकदाच एकसष्ट वर्षांचे होणार आहेत."

"मग त्यांनी पोराला तोंड आवरायला शिकवायचं होतं."

टेंभुर्णीच्या पंपावर त्यानं गाडी थांबवली. "मी आत जाऊन येतो. तू चारी चाकांत हवा भरून घे. चावी आहे, पण एसीला हात लावलास तर बघ."

"न्हाय लावत. या जाऊन." माहेर जवळ आलं की तिची भाषा बदलायची.

टेंभुर्णी सोडल्यावर सयाजी पहिल्यांदा हसला. "पेट्रोलचा काटा बघ. हलायला तयार नाही! सगळा हवेचा परिणाम."

"व्हय की," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

सोलापुरात टाकी भरली. आठ लिटर बसलं. अंतर अडीचशे किलोमीटर. त्यानं मोबाइलवर भागाकार तीनदा केला आणि तिथूनच अभिमन्यूला फोन लावला.

"एकतीस! आता तू तुझा हँडब्रेक काढ."

पलीकडून अभिमन्यू म्हणाला, "अक्काला पार वाळवली असणार तुमी. या आता जेवायला."

"येतो की!" सयाजी ओरडला आणि पंपाच्या आकड्याचा फोटो काढायला धावला. जाताना एसी लावून गेला.

तेवढ्यात वैजयंतीचा फोन वाजला. सोनाली, अभिमन्यूची बायको. आवाज अगदी दबका.

"अक्का, टेंभुर्णीला किती टाकलं?"

"दोन लिटर."

"लई झालं की. दिवाळीत मी दीडच टाकलं हुतं."