सोडियमचा तुकडा

“मिठातला सोडियम तो हाच. याच्या शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो कधी एकदा देऊन टाकतो, असं याला झालेलं असतं,” टेबलाभोवती जमलेल्या नववीला सांगत मी एक कण पाण्यात टाकला. तो भडकन पेटला. मुलं जागेवर गेल्यावर पाहिलं, तर उरलेला तुकडा गायब. “कोणी घेतलाय? घाम लागला तरी पेटेल.” राई गावची दिव्या मान ताठ धरून बसली होती. जवळ गेले, तर तिच्या तेलाने चपचपीत वेणीत, रिबिनीखाली तुकडा खोचलेला होता आणि कानामागून घामाचा ओघळ तिकडेच निघाला होता. मी चिमट्याने तुकडा उचलून रॉकेलच्या बाटलीत सोडला, तेव्हा कुठे श्वास घेतला. “वेणीत का?” “तुम्हीपण तेलातच ठेवता ना, मॅडम.” “घेतलास कशाला?” “बाबाला दाखवायचा होता. तो दिवसभर मिठागरात अनवाणी उभा असतो.”